पोर्तो ते सांतियागो, समुद्राकाठच्या कामिनोने: तीन खेपांत पायी कसं जायचं

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य सेंट जेम्स, म्हणजेच सांतियागो, याची समाधी आहे असं मानतात आणि हजारेक वर्षं लोक तिथे चालत जातायत. जायच्या या वाटांना कामिनो म्हणतात, त्या बऱ्याच आहेत, त्यातली ही एक पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून निघते आणि अटलांटिकच्या कडेकडेने वर उत्तरेला जाते. साधारण २७०-२८० किलोमीटर, कुठली उपवाट धरता त्यावर कमीजास्त. मी आणि ताईने ती तीन खेपांत केली, ताई तिकडे युरोपातच राहते आणि मी तिच्याकडे सुट्टीला गेले की दोघी निघायचो. आपल्याकडे नर्मदेची खंड परिक्रमा करतात ना तसंच, जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वेळी सुरू.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे रोज किती चालायचं. माझं म्हणणं असं की आधी थांबायचं कुठे ते ठरवा, किलोमीटर आपोआप ठरतात. समुद्राकाठच्या वाटेवर थांबायच्या जागा तुम्ही नाही ठरवत, त्या नद्या ठरवतात आणि दुपारचा वारा ठरवतो, आणि खेप मोडायची असेल तर रेल्वे स्टेशन कुठे आहे ते ठरवतं. हे तीन डोक्यात ठेवून नकाशा उघडला की अर्धं प्लॅनिंग तिथेच होतं.

खेपा कशा पाडायच्या

पहिली खेप पोर्तो ते कामिन्या. कामिन्या हे पोर्तुगालच्या हद्दीवरचं शेवटचं गाव, पुढे मिन्यो नदी आणि नदीपलीकडे स्पेन. चालायचे पाच दिवस धरा, दमाने सहा. कामिन्याला रेल्वे स्टेशन आहे, परत पोर्तोला थेट गाडीने येता येतं, त्यामुळे खेप मोडायला याहून सोयीची जागा नाही.

दुसरी खेप कामिन्याहून नदी ओलांडून वीगो. चार दिवस. हा सगळ्यात रानटी आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर तुकडा, पण आ ग्वार्दा ते बायोना या पट्ट्यात रेल्वे नाही, फक्त बस. तब्येतीने साथ सोडली तर बसच्या वेळा बघत बसावं लागतं, म्हणून हा तुकडा अर्धवट सोडायची वेळ येणार नाही अशा बेताने करा.

तिसरी खेप वीगो ते सांतियागो, जेमतेम १०० किलोमीटर, पाच ते सहा दिवस. ज्यांना एकच सुट्टी मिळणार आहे ते सरळ हीच करतात कारण सर्टिफिकेटसाठी पायी शेवटचे १०० किलोमीटर पुरतात. पण एक सांगते, रेदोंदेला गावानंतर ही वाट पोर्तुगालच्या मधून येणाऱ्या मोठ्या वाटेला मिळते आणि समुद्र बराचसा मागे पडतो, तेव्हा समुद्रासाठी येणार असाल तर फक्त शेवटचा तुकडा करू नका, निदान बायोनापासून तरी निघा.

महिने म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या गावांत सुट्टीवाल्यांची एवढी गर्दी असते की खोली मिळणं कठीण, ऑक्टोबरनंतर गालिसियात, म्हणजे स्पेनच्या त्या प्रांतात, पाऊस बसकण मारतो. आणि २०२७ हे पवित्र वर्ष आहे, २५ जुलै हा सांतियागोचा दिवस रविवारी आला की ते वर्ष पवित्र मानतात, मागचं २०२१ ला होतं. त्या वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लोक चालतात तेव्हा २०२७ ला जाणार असाल तर बुकिंग फार आधी उरका.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, दोन्ही देश त्यातच येतात, पैसेही दोन्हीकडे युरोच. ज्या देशात रात्री जास्त काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दोन्हीकडे सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. नुसत्या पहिल्या खेपेला पोर्तुगाल, नुसत्या तिसरीला स्पेन, हे सरळ आहे. पूर्ण वाट एका दमात करणार असाल तर रात्री खरंच मोजा, पोर्तोत दोन दिवस आधी राहिलात तर पारडं इकडचं तिकडे होतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर आणू नका. ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे.

दुसरा कागद म्हणजे क्रेडेन्शियल. घडीघडीचं पुठ्ठ्याचं पुस्तक, त्यावर वाटेत शिक्के घ्यायचे. पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये, तिकडे त्याला से म्हणतात, थोड्या पैशात मिळतं आणि पहिला शिक्का पण तिथेच. चर्च, कॅफे, मुक्कामाची जागा, टुरिस्ट ऑफिस, सगळीकडे शिक्के असतात, मागायचं फक्त. पोर्तुगालमध्ये शिक्क्याला कारींबो म्हणतात, स्पेनमध्ये सेय्यो.

खेपांत जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. वाट क्रमाने आणि सलग असायला लागते, म्हणजे जिथे थांबलात तिथला शिक्का हवा आणि पुढच्या खेपेला निघताना पुन्हा त्याच गावाचा शिक्का, नवीन तारखेसकट. वर्षं मध्ये गेली तरी चालतात, गाव मध्ये गळलेलं चालत नाही. आणि तारीख शिक्क्यावर नसेल तर तिथल्या तिथे पेनाने लिहून घ्या. आमचा वाटेतल्या पोवुआ गावाच्या पुढचा एक शिक्का एका छोट्या कॅफेतल्या आजोबांनी मारला, शाई एवढी ओली की ताईने पुस्तक उघडं धरून फुंकर मारत मारत पाव किलोमीटर तरी नेलं असेल, घडी घातली असती तर समोरच्या पानावर उलटा छाप उठला असता. तारीख लिहायची राहिली ते रात्री लक्षात आलं. सुदैवाने तो मधला होता म्हणून निभावलं, खेपेच्या टोकाचा असता तर अडचण झाली असती.

बॅग आणि पाय

बॅग तुमच्या वजनाच्या दहा टक्के, पाण्यासकट. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. ऐकायला सोपं वाटतं, भरायला बसलं की कळतं. कपडे दोन जोड, एक अंगावर एक बॅगेत, रोज संध्याकाळी धुवायचे. स्लीपिंग बॅगचं नुसतं पातळ अस्तर मे ते सप्टेंबर पुरतं, सोबत एक फ्लीस. पावसाचं जॅकेट हवंच कारण वाऱ्यासाठी पण तेच लागतं.

शूजबद्दल: जाड उंच ट्रेकिंग बूट नकोत. जाळीचे हलके ट्रेल शूज घ्या, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे कारण पाच-सहा तास चालल्यावर पाय सुजतात. या वाटेवर पायांना तीन गोष्टींचा त्रास होतो आणि तिन्ही वेगळ्या आहेत. एक, पोर्तुगालच्या गावांतले चौकोनी दगडांचे रस्ते, तळव्यावर सतत ठोकल्यासारखं होतं. दोन, किनाऱ्यावरची फळ्यांची पायवाट, मैलोन् मैल, सुकी असेल तर स्वर्ग पण सकाळी दवाने ओली असेल तर घसरगुंडी, आणि काठ्या वापरत असाल तर टोकाला रबरी बूच पाहिजेच, नाहीतर दोन फळ्यांच्या फटीत टोक अडकून काठी तरी मोडते नाहीतर मनगट तरी मुरगळतं. तीन, वाळू. वाळूचे चार कण मोज्यात गेले की तासाभरात फोड तयार. त्यामुळे फळ्यांची वाट संपून वाळूतून चालायला लागलं की पुढच्या बाकावर बसायचं, शूज काढायचे, मोजे उलटे करून झटकायचे, तळवे पुसायचे, मगच पुढे. कंटाळा येतो, तरी करायचं.

रोज सकाळी बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन. चालताना एखाद्या जागी चुरचुरायला लागलं तर पुढच्या गावाची वाट बघू नका, तिथेच थांबून टेप लावा. चुरचुर आणि फोड यांच्यात वीस मिनिटांचंच अंतर असतं.

तयारी म्हणून घरी एकदाच वीस किलोमीटर चालून काही कळत नाही. भरलेली बॅग घेऊन सलग दोन दिवस दहा-बारा किलोमीटर चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना काय दुखतंय तेच तिकडे दुखणार आहे.

पोर्तोतून बाहेर कसं पडायचं

पोर्तोच्या कॅथेड्रलपासून विला दो कोंद हे किनाऱ्याने पस्तीसेक किलोमीटर आहे आणि बरेच जण पहिल्याच दिवशी ते एका दमात मारायला जाऊन पायांची वाट लावून घेतात. हे मुळीच करू नका. आम्ही जे केलं ते सांगते. पोर्तोत पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग हॉटेलात ठेवून रिकाम्या हाताने कॅथेड्रलवर गेलो, शिक्का घेतला, खाली दोरू नदीपाशी उतरून नदीच्या कडेने समुद्रापर्यंत आणि तिथून मातोसिन्योशपर्यंत चाललो, दहा-बारा किलोमीटर, आणि मेट्रोने परत हॉटेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन मेट्रोने मातोसिन्योश, आणि जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू. एक पाऊलही गाळलं नाही आणि पहिला बॅगेसकटचा दिवस तेवीसेक किलोमीटरचा झाला.

वाट पिवळ्या बाणांनी आणि शिंपल्याच्या खुणेने दाखवलेली असते. कुठे निळे बाण दिसले तर ते पोर्तुगालमधल्याच फातिमा या तीर्थस्थानाला जाणाऱ्यांचे, ते उलटे दक्षिणेला नेतात. पोर्तोबाहेर दोन पर्याय दिसतील, एक अगदी समुद्राला चिकटून, तिला सेंदा लितोराल म्हणतात, आणि एक थोडी आतून गावागावांतून. पहिल्या दोन दिवसांत डोळे मिटून समुद्राची घ्या, बाण चुकला तरी समुद्र डाव्या हाताला आहे तोवर तुम्ही बरोबर आहात.

आता ऊन. तुम्ही उत्तरेला चालताय म्हणजे सकाळी सूर्य उजवीकडे, दुपारी बरोब्बर पाठीमागे, संध्याकाळी डावीकडे. तोंडावर ऊन येतच नाही, वरून समुद्राचा गार वारा, त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. ताईने तोंडाला, हाताला सगळीकडे क्रीम चोपडलं होतं आणि संध्याकाळी अंघोळीला गेली तर पोटऱ्यांची मागची बाजू लालभडक, मोज्याची कड जिथे होती तिथे सरळ रेष ओढल्यासारखी. पुढचे तीन दिवस ती रात्री पालथी झोपली. मान, कानांची मागची बाजू आणि पोटऱ्या, इथे क्रीम लावा आणि दुपारी परत लावा.

आणि वारा. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारा सुटतो, तिथले लोक त्याला नोर्तादा म्हणतात. सकाळी हवा शांत असते, जेवणाच्या वेळेपासून वाढत जातो आणि दुपारी तो सरळ तुमच्या छातीवर येतो, वाळूसकट. तेच पाच किलोमीटर सकाळी तासाभरात होतात आणि दुपारी दीड तास खातात. म्हणून सहा-साडेसहाला निघा आणि दोनपर्यंत मुक्कामी पोचा. आम्ही हे तिसऱ्या दिवसापासून पाळलं आणि तिथून पुढे चालणं सुखाचं झालं. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी असू द्या.

मातोसिन्योशनंतर बोआ नोवाचा दीपस्तंभ, मग कोळ्यांची गावं, विला श्यां वगैरे, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. विला दो कोंदला नदी ओलांडली की समोर सांता क्लाराचा भला मोठा मठ, त्याला पाणी आणणारा जुना दगडी पाट अजून उभा आहे, मुळात ९९९ कमानींचा होता म्हणतात. पुढे चार किलोमीटरवर पोवुआ. इथपर्यंत पोर्तोची मेट्रो येते हे लक्षात ठेवा, कारण शूज चावत असतील, बॅग जड झाली असेल, काही विसरलं असेल तर इथून तासाभरात पोर्तोला जाऊन बदलून आणता येतं. पोवुआ सोडली की ती सोय संपली.

पोवुआ ते कामिन्या

दुसरा दिवस एश्पोझेंदपर्यंत, विला दो कोंदहून साधारण चोवीस. वाळूत खोदून केलेले भाजीचे वाफे दिसतील, मग आपूलिया, तिथे समुद्रातून शेवाळ काढून शेताला खत म्हणून घालायची जुनी पद्धत आहे आणि टेकाडांवर पवनचक्क्या आहेत, आता त्यांची घरं केलीयत. फाउंला लोखंडी पूल ओलांडला की पलीकडे एश्पोझेंद. इथे रेल्वे नाही, फक्त बस.

तिसरा दिवस वियाना दो काश्तेलो, पंचवीस-सव्वीस किलोमीटर आणि पहिल्यांदाच चढउतार. वाट समुद्र सोडून निलगिरीच्या रानात शिरते, नेवा नदीवरच्या जुन्या दगडी पुलावरून जाते आणि मग चांगला चढ चढून काश्तेलो दो नेवाच्या चर्चपाशी येते. चर्च साधं आहे, घाईत असाल तर ओलांडून जाल, पण जरा टेका. इथे ८६२ सालचा शिलालेख आहे आणि स्पेनबाहेरचं सांतियागोच्या नावाचं सगळ्यात जुनं चर्च म्हणून ते ओळखलं जातं. वियानात शिरताना लीमा नदीवरचा १८७८ सालचा आयफेलच्या कंपनीचा लोखंडी पूल लागतो, पदपथ अरुंद, बाजूने गाड्या आणि वरून वारा, टोपी हातात घ्या. वियानात एक दिवस विश्रांती ठेवलीत तर अगदी योग्य. फक्त २० ऑगस्टच्या आसपास जाऊ नका, तिथल्या मेरीमातेची मोठी जत्रा असते, खोली मिळणार नाही. अर्थात जत्राच बघायची असेल तर आधी बुकिंग करून जरूर जा.

चौथा दिवस कामिन्या, सत्तावीस किलोमीटर, सगळ्यात लांब. पण वाटेला समांतर रेल्वे आहे, कारेसु, आफीफ, आंकोरा, मोलेदो अशी स्टेशनं येत राहतात, तेव्हा हा दिवस दोनात मोडायला काहीच हरकत नाही. आंकोराला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहा किलोमीटर चालून कामिन्या. म्हणूनच मी पाच दिवस म्हटलं.

नदी ओलांडणं

मिन्यो नदी इथे खूप रुंद आहे, पूल नाही. मोठी फेरीबोट कागदावर आहे पण बरेचदा बंद असते, त्यामुळे छोट्या मोटरबोटीवाले लोकांना पलीकडे सोडतात, माणशी पाच-सात युरो. ओहोटीला नदीत वाळूचे बांध उघडे पडतात, जोराचा वारा असला की बोट निघत नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून किंवा मुक्कामाच्या जागी विचारून वेळ पक्की करा. दुसऱ्या खेपेला आम्ही गाडीने कामिन्याला उतरलो, टुरिस्ट ऑफिसात नव्या तारखेचा शिक्का घेतला आणि सरळ धक्क्यावर, तर त्या दिवशी वारा. चार तास बसलो, मग बोटवाल्याने हात केला. बोटीत आठ-दहा जण, बॅगा पायाशी, पाणी उडून मांड्या भिजल्या. क्रेडेन्शियल प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं होतं म्हणून वाचलं, तुम्ही पण घाला.

दहाएक मिनिटांत देश बदलतो आणि घड्याळ एक तास पुढे जातं. हे विसरून आम्ही आ ग्वार्दात दुपारी दोनला पोचलो असं समजत होतो तेव्हा तीन वाजले होते, दुकानं बंद झालेली.

बोटीची झंझट नको असेल तर कामिन्याहून नदीच्या काठाकाठाने वालेंसापर्यंत जाता येतं, तिथे पूल ओलांडून स्पेनमधलं तुई आणि पुढे रेदोंदेलाला परत ही वाट मिळते. वाट छान सावलीची आहे पण मग ओया आणि बायोना ही समुद्राकाठची गावं हातची जातात. मी तरी बोटीसाठी एक दिवस थांबेन.

आ ग्वार्दा ते वीगो

आ ग्वार्दाच्या वरच्या सांता त्रेगा डोंगरावर लोहयुगातल्या वस्तीचे गोल गोल दगडी पाये आहेत, वरून नदीचं मुख आणि समुद्र एकत्र दिसतात. नदी ओलांडायच्या दिवशी इथेच मुक्काम करून संध्याकाळी वर जाऊन या.

पुढे ओया तेराच किलोमीटर. तेराच म्हणून पुढे रेटू नका. बाराव्या शतकातला मठ अक्षरशः लाटांच्या तोंडावर बांधलाय, गाव छोटं, संध्याकाळी आवाज फक्त पाण्याचा. या पट्ट्यात दुकानं फार कमी आहेत, आ ग्वार्दातून निघतानाच पाव, चीज, फळं, दीड लिटर पाणी घ्या. ओया ते बायोना अठरा किलोमीटर, थोडा भाग मोठ्या रस्त्याच्या कडेने पिवळ्या पट्ट्यातून जातो, तिथे एकामागे एक चाला. मग वाट डोंगरावर चढते आणि जुन्या दगडी रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा दिसतात, खोल, पाऊल बसेल एवढ्या. ताई कितीतरी वेळ त्या खाचेत हात फिरवत बसली होती.

बायोना म्हणजे १ मार्च १४९३ ला कोलंबसच्या ताफ्यातलं पिंता जहाज जिथे परत आलं आणि अमेरिकेची बातमी युरोपला पहिल्यांदा कळली ते बंदर. बायोना ते वीगो पंचवीसच्या वर आहे आणि वीगो मोठं, चढउतारांचं शहर, शेवटचे पाच-सहा किलोमीटर डांबर आणि सिग्नल. समुद्राच्या बाजूने सामीलच्या पुळणीवरून आत शिरा, लांब पडतं पण जीव शिणत नाही.

खाण्याचं इथेच सांगून टाकते. शाकाहारी असाल तर उपाशी नाही राहणार पण तेच ते खावं लागेल. पोर्तुगालमध्ये भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं, फक्त काल्दो वेर्द नावाच्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात, आधी सेम कार्न, म्हणजे मांस नको, म्हणायचं. टेबलावर न मागता आलेला पाव-ऑलिव्ह फुकट नसतात, खाल्ले तर बिलात लागतात. स्पेनमध्ये मिक्स सॅलडवर ट्यूना मासा असतोच, 'सिन आतून', म्हणजे ट्यूना नको, असं म्हणा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया म्हणजे जाड ऑम्लेट, दिवसभर मिळतं. जेवणाच्या वेळा मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो, स्पेनमध्ये दुपारचं दीड ते साडेतीन आणि रात्रीचं साडेआठच्या आधी नाहीच. रविवारी दुकानं बहुतेक बंद, शनिवारीच घेऊन ठेवा.

मुक्काम

यात्रेकरूंच्या मुक्कामाला अल्बेर्गे म्हणतात, एका हॉलमध्ये दोनमजली पलंग. गालिसियातल्या सरकारी अल्बेर्गेत साधारण १० युरो, क्रेडेन्शियल दाखवावं लागतं, बुकिंग नाही, आधी येईल त्याला, एकच रात्र. स्वयंपाकघर असतं पण भांडी असतीलच असं नाही. खाजगी अल्बेर्गेत बुकिंग होतं. रात्री दहाला दिवे बंद. सकाळी लवकर निघणार असाल तर बॅग रात्रीच भरून ठेवा, पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुर वाजवणाऱ्या माणसाला पूर्ण हॉल ओळखून असतो. पलंगावर बॅग ठेवायची नाही, आधी गादीची शिवण टॉर्चने बघायची, ढेकूण असतात. किनाऱ्यावर अल्बेर्गे कमी आहेत, म्हणून पहिल्या दोन खेपांत मुक्काम निदान दोन दिवस पुढचे ठरवून ठेवत जा.

शेवटचे १००

वीगोपासून रोज दोन शिक्के, हा नियम पक्का. एक वाटेत, एक मुक्कामी. वीगोत निघताना शिक्का आवर्जून घ्या, तीच तुमच्या शंभर किलोमीटरची सुरुवात.

वीगो ते रेदोंदेला सोळा किलोमीटर, डोंगराच्या कुशीतून जाणारी सावलीची वाट, खाली खाडी आणि रांदेचा मोठा पूल दिसत राहतो. समुद्राचा शेवटचा भरभरून दिवस हाच. रेदोंदेलाला दुसरी वाट मिळते आणि एकदम गर्दी, कालपर्यंत दिवसाला दहा माणसं भेटायची ती आता कॅफेत रांगेत उभी असतात. मग पोंतेवेद्रा वीसेक किलोमीटर, मध्ये पोंते सांपायोचा जुना पूल, १८०९ मध्ये इथल्या लोकांनी नेपोलियनच्या फौजेला इथेच अडवलं होतं. मग काल्दास दे रेइस, तिथे गरम पाण्याचं कुंड आहे, पाय सोडून बसा. मग पाद्रोन.

पोंतेवेद्राला एक फाटा फुटतो तो माहीत असावा. त्याला वारियांते एस्पिरितुआल म्हणतात, आर्मेंतेइराच्या मठाकडे चढून मग ओढ्याकाठच्या पाणचक्क्यांमधून खाली विलानोवा दे आरोसाला जातो, आणि तिथून उल्या नदीतून बोटीने पाद्रोनच्या जवळ. संताचं शव ज्या जलमार्गाने आणलं अशी श्रद्धा आहे तोच हा मार्ग. समुद्रासाठी आलेल्यांनी हाच घ्यावा असं मला मनापासून वाटतं, एक दिवस जास्त लागतो. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर असते, कधी पहाटे कधी दुपारी, तेव्हा आधी बोट बुक करा आणि मागचे मुक्काम त्यावरून लावा. ताईची रजा संपत होती म्हणून आमचा हा भाग राहिला.

पाद्रोनच्या चर्चमध्ये वेदीखाली एक दगड आहे, संताची होडी त्याला बांधली होती म्हणतात. गावावरून नाव पडलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून मीठ घालून देतात, काही तिखट निघतात काही नाही. शेवटचा दिवस पंचवीस किलोमीटर आणि चढ आहे. बारा वाजताची प्रार्थना गाठायची म्हणून लोक अंधारात धावत सुटतात, त्याची गरज नाही, संध्याकाळी साडेसातला पण असते. कॅथेड्रलमध्ये मोठी बॅग नेता येत नाही, आधी कुठेतरी ठेवून या. तो मोठा धुपाटणं झुलवण्याचा सोहळा रोज नसतो, ठराविक सणांना असतो, त्यावर आशा लावू नका.

सर्टिफिकेट, म्हणजे कोंपोस्तेला, यात्रेकरू कार्यालयात मिळतं, कॅथेड्रलपासून दोन मिनिटांवर. ऑनलाइन फॉर्म आदल्या रात्रीच भरून ठेवा, तिथे नंबर घ्यायचा आणि थांबायचं. फुकट असतं, किती किलोमीटर चाललात ते लिहिलेलं वेगळं हवं असेल तर थोडे पैसे. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर पसरलं, पोर्तोपासून एकेक शिक्का बोटाने मोजत आल्या आणि कामिन्याला थांबल्या. तिथे शेजारी शेजारी दोन शिक्के, एक जूनचा, दुसरा पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरचा. वर बघून त्यांनी विचारलं, परत तिथेच आलात? ताई हो म्हणाली, आणि त्यांनी त्या दोन शिक्क्यांमधली कोरी जागा बोटाने हलकेच पुसल्यासारखी करून पुढचा शिक्का बघायला घेतला.